कलाकारांनी केलेले जुने सोन्याचे दागिने लिलावातून घ्यायचेत? मग आधी मागची बाजू वाचायला शिका

पिकासो, ब्राक, मॅक्स अर्न्स्ट, काल्डर, मॅन रे या चित्रकार-शिल्पकारांनी दागिनेही केले हे आपल्याकडे चित्रकलेची आवड असलेल्यांनाही बरेचदा माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं की ते सगळं म्युझियममध्ये काचेमागे गेलं असणार. तसं नाहीये. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत हे नग नेहमी येतात, कधी दागिन्यांच्या सेलमध्ये, कधी डिझाइनच्या, कधी मॉडर्न आर्टच्या प्रिंट्स वगैरेंच्या सोबत, आणि आता पुण्यात नाहीतर न्यूजर्सीत बसून फोनवरून बोली लावता येते. सगळे लाखो डॉलरचे नसतात. पण घ्यायची पद्धत माहीत नसेल तर पैसे बुडायला एक संध्याकाळ पुरते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या घरात सोनं बघायची रीत ठरलेली आहे, किती तोळे, किती कॅरेट, घडणावळ किती लावली आणि उद्या मोडलं तर काय येईल. या दागिन्यांच्या बाबतीत तुम्ही पैसे मोजता तेच मुळी घडणावळीचे, म्हणजे कोणाच्या डोक्यातून आलं, कोणी ठोकलं, किती नग केले आणि त्याचे कागद कुठेत याचे. सोन्याचं वजन फक्त खालची पातळी सांगतं. आणि सध्या ती पातळीच इतकी वर गेलीय की भीती वाटते, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोन्यानं औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, आणि अशा वेळी १९६०-७० च्या दशकातले जाडजूड सोन्याचे नग कोणाच्या तरी कपाटातून निघून थेट मुशीत जातात कारण वारसांना मागचा ठसा वाचता येत नाही. १९८० च्या जानेवारीत भाव ८५० डॉलरपर्यंत गेला होता तेव्हाही किती चांगलं काम असंच वितळलं. त्यामुळे हे वाचून कोणी एक जरी नग मोडीतून वाचवला तरी मला मनापासून बरं वाटेल.

पायरी १: नग नक्की कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

ढोबळमानानं तीन जाती आहेत आणि किमतीतला फरक सगळा इथूनच सुरू होतो.

पहिली जात म्हणजे कलाकारानं स्वतःच्या हातानं केलेला नग. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर. या माणसानं आयुष्यात सुमारे १,८०० दागिने स्वतः केले, तार वाकवून, हातोडीनं चपटी करून, आणि जोड द्यायचा असेल तर डाग (सोल्डर) देण्यापेक्षा रिव्हेट मारून किंवा तारेनंच गुंडाळून. त्यातले बहुतेक पितळेचे आणि चांदीचे, सोन्याचे फार थोडे, म्हणून सोन्यातला काल्डर दिसला की आधी थांबायचं आणि मग बघायचं. त्यानं आवृत्त्या, म्हणजे एकाच डिझाइनचे नंबर टाकलेले अनेक नग, काढल्या नाहीत, प्रत्येक नग एकटा. त्यामुळे ‘काल्डर, ५ पैकी ३’ असं कोणी सांगितलं तर तिथेच विषय संपला. १९५५ मध्ये तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला होता आणि तिथेही त्यानं काम केलं, तेव्हा भारताशी त्याचा धागा अगदीच नाही असं नाही.

दुसरी जात म्हणजे डिझाइन कलाकाराचं, हात सोनाराचा, आणि ठरलेल्या संख्येची नंबर टाकलेली आवृत्ती. बाजारात येणारा बहुतेक चांगला माल या जातीचा. फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला फ्रांस्वा ह्यूगो नावाचा सोनार होता, लेखक व्हिक्टर ह्यूगोचा पणतू, जन्म १८९९, मृत्यू १९८१. आधी तो पॅरिसच्या फॅशनवाल्यांसाठी बटणं वगैरे करायचा, नंतर त्यानं पिकासो, मॅक्स अर्न्स्ट, कॉक्तो, आर्प, देरां, डोरोथिया टॅनिंग यांची डिझाइन्स सोन्या-चांदीत उतरवली. जॉर्ज ब्राकनं आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत हेगर द लोवेनफेल्ड या कारागिराबरोबर दागिने केले, त्यांचं प्रदर्शन १९६३ मध्ये पॅरिसच्या म्युझे दे-झार देकोरातीफमध्ये झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राक गेला. मिलानमध्ये जांकार्लो मोंतेबेल्लोनं १९६७ ते १९७८ ‘जेम’ नावाचा कारखाना चालवला, त्यातून मॅन रे, निकी द सें फाल, पोल ब्युरी, सोनिया देलोने यांचे नग निघाले. पॅरिसचं आर्तक्युरियाल १९७५ मध्ये सुरू झालं तेव्हा लिलावघर नव्हतं, गॅलरी होती, आणि तीही कलाकारांच्या दागिन्यांच्या आवृत्त्या काढायची.

तिसरी जात म्हणजे कलाकार गेल्यानंतर परवान्यावर निघालेले नग. हे बेकायदा असतातच असं अजिबात नाही, वारसांची परवानगी असते, काम सुबक असतं, पण किंमत वेगळी आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाइकही वेगळं. ब्राकच्या बाबतीत हे फार जपून बघावं लागतं कारण तो गेल्यानंतरही त्याच्या डिझाइन्सवरून नग निघत राहिले. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं तर आणखीच. कार्लोस आलेमानी या न्यूयॉर्कच्या कारागिराकडून दालीनं जे मोठे दागिने करून घेतले, त्यातलं ते माणकांचं धडधडणारं ‘रॉयल हार्ट’ १९५३ चं, तो मूळ संग्रह आज स्पेनमध्ये फिगेरासच्या दाली म्युझियममध्ये आहे, तो बाजारात येत नाही. बाजारात दालीच्या नावावर जे येतं त्यात नंतरच्या प्रतिकृतींचा भरणा मोठा आहे, म्हणून नवख्या माणसानं दालीपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २: एकच दार धरा

सगळ्या कलाकारांच्या मागे धावू नका. एक कारखाना किंवा एक कलाकार धरा, आणि बोली लावायचा विचारही न करता आधी त्याचे जुने निकाल वाचत बसा. सदबीज, क्रिस्टीज, बोनहम्स, फिलिप्स, आर्तक्युरियाल यांच्या साइटवर मागच्या सेलचे लॉट (एका नंबरखाली विकायला ठेवलेले नग) फोटोसकट पडलेले असतात आणि ते फुकट बघता येतात. समजा तुम्ही ह्यूगोनं केलेली पिकासोची मेडॅलियन्स (गोल पदकासारखे नग) धरली, तर जेवढे लॉट सापडतील तेवढ्यांचं एक साधं एक्सेल करा: नगाचं नाव, आवृत्तीतला नंबर, व्यास, वजन, एस्टिमेट (लिलावघरानं आधी दिलेला किमतीचा अंदाज), शेवटची किंमत, सेलची तारीख, कोणाच्या संग्रहातून आला, पेटी आणि सर्टिफिकेट होतं का. कंटाळवाणं वाटेल, पण खरं शिक्षण इथेच होतं.

या एक्सेलचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. या मेडॅलियन्सच्या आवृत्त्या साधारण वीस-वीस नगांच्या, शिवाय कलाकारासाठी आणि कारागिरासाठी राखलेले दोन-दोन नग. म्हणजे ‘२० पैकी ७’ हा नंबर जगात एकाच नगावर असायला पाहिजे. तुमच्या यादीत तोच नंबर आधी विकला गेलेला असेल तर दोन्ही फोटो शेजारी ठेवा, ओरखडे, ठशाची जागा, सहीचा कोन सगळं जुळलं तर तोच नग परत आलाय, चांगली गोष्ट आहे, त्याचा इतिहास मिळाला. जुळलं नाही तर लांब राहा आणि लिलावघराला कळवाही.

आणि बघता येत असतील तर खरे नग बघा. डियान व्हेने या फ्रेंच बाईंनी कलाकारांच्या दागिन्यांचा मोठा संग्रह केलाय, शिल्पकार बर्नार व्हेने यांच्या पत्नी, सुरुवात म्हणे नवऱ्यानं चांदीची एक तार त्यांच्या बोटाभोवती गुंडाळली तिथून झाली. त्यांचा संग्रह बऱ्याच देशांत प्रदर्शनांतून फिरलाय. लिलावाच्या आधीचे प्रिव्ह्यूसुद्धा सगळ्यांना खुले असतात, तिकीट नसतं, नग हातात मागता येतो, आणि लंडन-न्यूयॉर्कला राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा फायदा नक्की घ्यावा. लाजायचं कारण नाही, तिथल्या माणसाचं कामच ते आहे.

पायरी ३: कॅटलॉग शब्दन्‌शब्द वाचा

कॅटलॉगमधला प्रत्येक शब्द तोलून मापून लिहिलेला असतो, कारण त्यावर कायदेशीर हमी टेकलेली असते. नुसतं कलाकाराचं नाव ठळक अक्षरात असेल तर लिलावघर म्हणतंय की आमच्या मते हे त्याचंच. नावाच्या आधी ‘अॅट्रिब्युटेड टू’ आलं तर बहुधा त्याचं, पण छातीठोक नाही. ‘आफ्टर’ आलं तर त्याच्या कामावरून दुसऱ्या कोणी केलेलं, आणि ‘इन द स्टाइल ऑफ’ म्हणजे कलाकाराचा संबंधच नाही. ‘साइन्ड’ आणि ‘बेअर्स सिग्नेचर’ यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्याचा अर्थ एवढाच की वर सही दिसते, ती कोणाची हे आम्ही सांगत नाही. मोठी घरं खरेपणाची पाच वर्षांची हमी देतात पण ती लॉटच्या ठळक मथळ्यातल्या विधानालाच लागू असते, खालच्या कौतुकाच्या परिच्छेदाला नाही.

तारखा दोन असतात, हे विसरू नका. एक डिझाइन कधी झालं, दुसरी प्रत्यक्ष नग कधी घडला. पिकासो आणि ह्यूगोचं काम १९५६ च्या सुमारास सुरू झालं, पण पिकासोला ते नग स्वतःपुरतेच हवे होते, विक्रीसाठी छोट्या नंबर टाकलेल्या आवृत्त्यांना त्यानं परवानगी दिली ती साधारण १९६७ मध्ये. म्हणजे ‘१९५६’ एवढंच लिहिलेलं बघून ‘व्वा, पन्नासच्या दशकातला नग’ असं म्हणू नका, तो घडला कधी ते विचारा.

मग धातूची ओळ. इथे लोक फार फसतात. मॅन रेचा ‘ऑप्टिक टॉपिक’ हा मुखवटा, १९७४ चा, १०० नगांची आवृत्ती, फोटोत अस्सल सोन्यासारखा झळकतो पण तो सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा आहे. क्लोद लालानचे पानाफुलांचे नेकलेस तर बरेचदा तांब्याचे किंवा ब्राँझचे, वरून सोनं चढवलेलं. यात वाईट काहीच नाही, हे नग मौल्यवानच आहेत, फक्त तुम्ही काय घेताय ते तुम्हाला माहीत पाहिजे. ‘सिल्व्हर-गिल्ट’, ‘व्हर्मे’, ‘गिल्ट’, ‘गोल्ड-प्लेटेड’ यातलं काहीही दिसलं की तो सोन्याचा नग नाही. ‘यलो मेटल’ लिहिलं असेल तर त्यांनी धातूची खात्री दिलेलीच नाही.

पायरी ४: नग उलटा करा

आता लेखाच्या मथळ्यातलं मुख्य काम. पिकासो-ह्यूगोचं एक मेडॅलियन हातात आहे असं धरा. चेहऱ्याचं असेल नाहीतर त्या शिंगवाल्या फॉनचं (रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बकरा), पाचेक सेंटिमीटर व्यासाचं. समोरून बघून तुम्हाला फारसं कळणार नाही, फोटोवरून ओतीव नक्कल करणारे समोरची बाजू बरी जमवतात.

उलटा केलात की चार-पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत: पिकासोची सही, आवृत्तीचा नंबर, ह्यूगोच्या कारखान्याचा ठसा, कारखान्याचा स्वतःचा रेफरन्स नंबर, आणि फ्रेंच सरकारी शिक्का. दहापट भिंग घ्या. खरा ठसा धातूत वरून मारलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडा धारदार असतात आणि आजूबाजूचा धातू किंचित दबलेला दिसतो. नकलेत आख्खा नगच साच्यातून काढलेला असतो, ठसेही त्यातच आलेले, म्हणून अक्षरांच्या कडा गोलसर आणि तळ खरखरीत, बारीक छिद्रं दिसतात. ह्यूगोचं काम पत्रा ठशावर ठोकून उठाव आणण्याचं, त्यामुळे समोर नाक वर आलंय तिथे मागे खोलगट भाग असणार. मागची बाजू सपाट आणि नग भरीव जड निघाला तर प्रश्न विचारायची वेळ झाली. आपल्याकडच्या उठावकाम करणाऱ्या जुन्या कारागिराला एखादा फोटो दाखवून बघा, तो मागच्या खड्ड्यांवरून तुम्हाला हातोडी कुठून फिरली ते सांगेल, हे ज्ञान आपल्या सराफकट्ट्यावर आहे आणि त्याचा इथे थेट उपयोग होतो.

सरकारी शिक्क्यांचं थोडं पाठ करावं लागतं. फ्रान्समध्ये १८ कॅरेट आणि वरच्या सोन्यावर गरुडाचं डोकं असतं, १८३८ पासून. कारागिराचा शिक्का शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत, आत त्याची अक्षरं आणि एखादं चिन्ह. घुबडाचा शिक्का असेल तर नग बाहेरच्या देशातून आलेला किंवा त्याचं मूळ माहीत नसताना नंतर शिक्का मारलेला, म्हणजे सोनं खरं, पण फ्रान्समध्ये घडल्याचा तो पुरावा नाही. एखादा नग ‘पॅरिसमध्ये घडवलेला’ म्हणून विकला जातोय आणि वर नुसतं घुबड आहे, तर खुलासा मागा. इटालियन नगावर ७५० हा आकडा आणि वेगळ्या चौकटीत चांदणी, कारखान्याचा क्रमांक आणि जिल्ह्याची दोन अक्षरं, मिलान असेल तर एमआय. इंग्लंडचं सगळ्यात सोयीचं, तिथे वर्षाचं अक्षरही असतं त्यामुळे नग कधी तपासला गेला ते कळतं. अमेरिकेत सरकारी तपासणीची पद्धत नाही, १४ के किंवा १८ के हे घडवणाऱ्यानं स्वतः मारलेलं असतं. आणि आपल्या हॉलमार्कचे नियम, तो सहा अक्षरी एचयूआयडी नंबर वगैरे, या जुन्या परदेशी नगांवर शोधू नका, तो असणारच नाही.

शिक्के असतात कुठे? ब्रोचला पिनेच्या दांडीवर, पेंडंटला वरच्या कडीवर, नेकलेसला फाशाच्या जिभेवर. आणि म्हणूनच एक खास लबाडी बघा, खऱ्या जुन्या सोन्याच्या नगाचा फासा काढून दुसऱ्याला लावलेला, शिक्का अस्सल पण नग भलताच. कडी किंवा फासा जिथे जोडलाय तिथे डाग बघा, सोन्याच्या डागाचा रंग जवळपास सारखा असतो, करडा डाग दिसला तर कोणीतरी शिशाच्या डागानं दुरुस्ती केलीय, जी किमतीलाही मारक आणि सोन्यालाही. काल्डरच्या नगावर तर डाग दिसणं हीच शंका.

वजनावरून घनता काढता येते, हवेतलं वजन भागिले हवेतल्या आणि पाण्यात बुडवलेल्या वजनातला फरक. १८ कॅरेट पिवळं सोनं साधारण १५ ते १६, चांदी साडेदहाच्या आसपास. खडे, मीना किंवा पोकळ भाग असेल तर हे चालत नाही. कसोटी आणि तेजाब मात्र या नगांना लावू नका, एक रेघसुद्धा किंमत घालवते. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) मशीननं वरचा थर कळतो, आतलं नाही, एवढं ध्यानात ठेवून वापरा.

पायरी ५: लिलावघराला लिहा

सेलच्या आठवडाभर आधी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे नगाच्या अवस्थेची लेखी माहिती, मागवा. ‘नग कसा आहे’ असं मोघम विचारलंत तर ‘वयोमानानुसार चांगला’ असं मोघम उत्तर येतं. नेमकं विचारा: वजन ग्रॅममध्ये किती, सगळ्या ठशांचे क्लोजअप पाठवा, पिन किंवा कडी मूळची आहे का, कुठे डाग दिलाय का, परत पॉलिश केलंय का, अंगठी असेल तर माप बदललंय का, कागद काय काय आहेत आणि कोणी दिलेले, आणि नग कोणाकडून आला, नाव नको पण ‘कलाकाराच्या मित्राच्या कुटुंबाकडून’ की ‘डीलरकडून’ एवढं तरी. व्हिडिओ कॉलवर नग फिरवून दाखवायला सांगितलं तर बरेच जण दाखवतात.

काल्डरसारख्यांच्या बाबतीत एक बारकावा. काल्डर फाउंडेशन नगाला त्यांच्या संग्रहातला ‘ए’ नं सुरू होणारा नंबर देतं. तो नंबर म्हणजे खरेपणाचं सर्टिफिकेट नाही, फक्त त्यांच्याकडे नोंद आहे एवढंच, पण बाजारात त्या नोंदीशिवाय काल्डर विकणं अवघड, म्हणून नंबर नसेल तर बोली लावू नका. ह्यूगोच्या नगांना कारखान्याचं सर्टिफिकेट असेल तर फार उत्तम, तो कारखाना फ्रांस्वानंतर मुलगा प्येर ह्यूगोनं चालवला आणि पुढेही घरातच राहिला, त्यामुळे जुन्या नोंदींशी ताडून बघायला जागा आहे. सुझान बेलपेरोन ही कलाकारांपेक्षा ज्वेलरी डिझायनरच्या यादीतली, पण तिचं उदाहरण उपयोगी आहे, ती दागिन्यांवर सही करतच नसे, त्यामुळे तिचे नग ओळखायला शिक्का आणि जुने कागद हाच आधार. सही नाही म्हणजे खोटं असं नाही आणि सही आहे म्हणजे खरं असंही नाही, हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघायचं.

हस्तिदंत किंवा कासवाची पाठ लावलेला नग असेल तर तो विषयच सोडा. वन्यप्राण्यांच्या व्यापाराच्या नियमांमुळे तो सरहद्दीवर अडकणार.

पायरी ६: हिशोब, बोलीच्या आधी

दोन आकडे काढायचे. पहिला वितळवल्यावर येणारा, खालची पातळी म्हणून. ४० ग्रॅमचं २३ कॅरेट मेडॅलियन, म्हणजे शुद्ध सोनं ३८.३ ग्रॅम. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, भाव ४,००० डॉलर धरला तर ग्रॅमला साधारण १२८ डॉलर, म्हणजे ४,९०० च्या घरात. लॉटचं एस्टिमेट याच्या आसपास असेल तर दोनच शक्यता, एकतर लिलावघराला नग कळलेला नाही आणि तुमचं नशीब उघडलंय, किंवा त्यांना तो नको तितका चांगला कळलाय आणि ते कलाकाराच्या नावाचे पैसे मागायला धजत नाहीयेत. छोट्या गावच्या लिलावघरांत पहिली शक्यता खरी असते, मोठ्या घरांत जवळपास कधीच नाही.

दुसरा आकडा तुमच्या खिशातून जाणारा. हॅमर, म्हणजे शेवटची बोली, पडला ८,००० युरोला असं धरा. बायर्स प्रीमियम (लिलावघर घेणाऱ्याकडून घेतं ते कमिशन) २७ टक्के, २,१६० युरो. प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, ४३२. तिसऱ्याच ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून बोली लावली तर त्यांचे वेगळे ३ टक्के, २४०. पॅकिंग, विमा, कुरियर ३५०. झाले ११,१८२. भारतात आणायचं आणि ड्युटी २० टक्के धरली तर आणखी २,२३६, त्यावर ३ टक्के आयजीएसटी म्हणजे ४०० च्या वर, एकूण १३,८०० च्या पुढे. आठ हजाराचा नग चौदाला पडला. हे टक्के घराघराप्रमाणे आणि बजेटप्रमाणे बदलतात, म्हणून त्या सेलच्या अटी आणि त्या दिवसाची ड्युटी बघूनच आकडे घाला, पण उलटं गणित करायची सवय लावा: माझ्या खिशात एकूण इतके आहेत, तर हॅमर जास्तीत जास्त किती? तो आकडा कागदावर लिहा.

युरोप आणि इंग्लंडमध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत पुनर्विक्रीचा हक्क म्हणून ठरावीक टक्का वारसांना जातो, सुरुवातीचा दर ४ टक्के. पिकासो १९७३ मध्ये गेला म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत. कधी तो विकणारा भरतो, कधी तुमच्यावर येतो, आणि दागिन्याला लागेल की नाही तेही नगानुसार ठरतं. लॉट नंबरशेजारी जी बारीक चिन्हं असतात, चांदणी, कट्यार वगैरे, ती याच गोष्टी सांगतात आणि त्यांचा खुलासा कॅटलॉगच्या शेवटी असतो. तो वाचा.

पायरी ७: बोली

रजिस्ट्रेशन दोन-तीन दिवस आधी करा, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागतो, कधी डिपॉझिटही मागतात. रिझर्व्ह म्हणजे विकणाऱ्याची गुप्त किमान किंमत, ती खालच्या एस्टिमेटच्या वर नसते. रिझर्व्ह गाठेपर्यंत ऑक्शनियर विकणाऱ्याच्या वतीनं बोली चढवू शकतो, तेव्हा पहिल्या दोन-चार बोल्या दिसल्या म्हणून खोलीत गर्दी आहे असं समजू नका. बोली साधारण दहा-दहा टक्क्यांनी चढते. मला स्वतःला आधीच लिहून दिलेली बोली सगळ्यात शहाणपणाची वाटते, कमाल आकडा देऊन मोकळं व्हायचं, ते तुमच्यासाठी गरजेपुरतीच चढवतात. लाइव्ह बसायचं असेल तर भारतातल्या वेळेनं न्यूयॉर्कचा संध्याकाळचा सेल पहाटे पडतो आणि अर्धवट झोपेत माणूस कागदावरचा आकडा ओलांडतो.

नग न विकता राहिला तर निराश होऊ नका, दुसऱ्या दिवशी मेल टाका. सेलनंतर खासगीत रिझर्व्हच्या आसपास सौदा होतो, आणि तेव्हा घाईही नसते.

पायरी ८: पैसे आणि कस्टम

पैसे साधारण आठवड्याभरात भरावे लागतात, नंतर स्टोरेज चढतं. बोली लावायच्या आधीच तुमच्या बँकेत विचारा की नग भारतात आणायचा असेल तर हा रेमिटन्स (परदेशी पैसे पाठवणं) कशाखाली बसेल आणि कोणता पर्पज कोड (पैसे कशासाठी चाललेत ते सांगणारा कोड) लागेल, जिंकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. कस्टम्स ब्रोकरलाही आधीच लॉटची लिंक पाठवा, कारण सोन्याच्या दागिन्यांच्या आयातीवर ड्युटीशिवाय परवान्याचे निर्बंधही येत-जात असतात. आणि ‘पिकासोचं आहे म्हणजे कलाकृती’ हे कस्टमला मान्य होईल असं धरून चालू नका, अंगावर घालायचा सोन्याचा नग ते दागिना म्हणूनच मोजतात. बिलावर कमी किंमत दाखवायची कल्पना कोणी सुचवली तर साफ नाही म्हणा. नियम मोडतो तो वेगळा, पण उद्या विकताना तेच बिल तुमचा पुरावा असतं आणि विमाही त्याच आकड्याचा मिळतो. हे सगळं झेपणार नसेल तर मुंबईतही लिलावघरं आहेत, सॅफ्रनआर्ट दागिन्यांचे सेल करतं, तिथे युरोपियन कलाकारांचे नग क्वचित येतात पण रुपयात व्यवहार होतो.

पायरी ९: घरी आल्यावर

पॉलिश करू नका. आपल्याकडे दिवाळीच्या आधी सगळे दागिने सराफाकडे जाऊन उजळून येतात, हा नग त्या पिशवीत चुकूनही जाऊ देऊ नका. हातोडीच्या खुणा, मॅट पृष्ठभाग, ठशांच्या कडा, हे सगळं बफच्या चाकाखाली एका मिनिटात गुळगुळीत होतं आणि परत येत नाही. मऊ सुती कापड, फार झालं तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा थेंब, तेही मीना किंवा मोती नसेल तर. २३ कॅरेट सोनं मऊ असतं, दुसऱ्या दागिन्यांना घासू न देता वेगळ्या पेटीत ठेवा. अंगठीचं माप बदलायचं असेल तर बदलू नका, आतून काढता येणारी रिंग लावून घ्या. घाला मात्र जरूर, हे घालण्यासाठीच केलेत.

कागद नगाइतकेच जपा. लिलावाचं बिल, कंडिशन रिपोर्ट, कॅटलॉगच्या पानाची प्रिंट, सर्टिफिकेट, कस्टमची पावती, सगळं एका फाइलमध्ये आणि त्याचे स्कॅन दुसरीकडे. आल्या दिवशीच समोरून, मागून, बाजूनं आणि प्रत्येक ठशाचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आणि पेटीच्या आत एक चिठ्ठी टाका, मराठीत, तुमच्या मुलांना किंवा भाच्याला कळेल अशी. त्यात लिहा की हा नग कोणी डिझाइन केला, कोणी घडवला, मागचा नंबर काय आहे, फाइल कुठे आहे, विकायचा झाला तर कोणत्या दोन-तीन लिलावघरांच्या दागिने विभागाला फोटो पाठवायचे. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: हा मोडायचा नाही, सराफाकडे वजनावर द्यायचा नाही.